पावसाच्या रिकाम्या नोंदी मॅक्रो व्हेरिएबलने भरताना ठिपका का जात नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीच्या एका संशोधक विद्यार्थिनीकडे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या महसूल मंडळांची जून ते सप्टेंबरमधली रोजची पर्जन्यनोंद सॅस (SAS) या आकडेवारी हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मधल्या काही दिवसांच्या नोंदी रिकाम्या आहेत; सॅस त्या जागी ठिपका दाखवतं. जिल्ह्याची सरासरी काढायची, ती मॅक्रो व्हेरिएबलमध्ये (एकदा किंमत देऊन कोडमध्ये कुठेही वापरता येणाऱ्या नावात) ठेवायची आणि रिकाम्या जागी भरायची, असा कोड त्यांनी लिहिला. कोड चालतो, लॉगमध्ये (सॅस स्वतः लिहितं त्या कामाच्या नोंदीत) चुकीची एकही लाल ओळ नाही, तरी ठिपके जिथल्या तिथे. ‘मॅक्रो व्हेरिएबल डेटा स्टेपमध्ये (म्हणजे नोंदी ओळीओळीने हाताळणाऱ्या कोडच्या भागात) चालत नाही का?’ असं त्या विचारतात.

चालतं की. तुमच्या कोडमध्येही ते व्यवस्थित चाललंय, म्हणूनच ठिपके राहिलेत. कसं ते बघू. खाली आज्ञा मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहितोय आणि नावं मराठीत ठेवतोय. एडिटरमध्ये अर्थात सगळं रोमनमध्येच टाइप करायचं, कारण मॅक्रो व्हेरिएबलचं नाव देवनागरीत सॅस घेतच नाही.

तुमच्या कोडमधल्या कामाच्या ओळी तीनच आहेत:

%लेट जि = धाराशिव;
सिलेक्ट मीन(पाऊस) इन्टू :सरासरी फ्रॉम पर्जन्य व्हेअर जिल्हा = '&जि';
इफ पाऊस = . देन पाऊस = &सरासरी;

घोळ दुसऱ्या ओळीतल्या एकेरी अवतरणचिन्हात आहे. मॅक्रो व्हेरिएबलच्या जागी त्याची किंमत डकवणारा सॅसचा भाग म्हणजे मॅक्रो प्रोसेसर. एकेरी चिन्हांच्या आत तो डोकावत नाही. त्यामुळे सॅस धाराशिव शोधत नाही, ‘&जि’ याच नावाचा जिल्हा शोधतं. असा जिल्हा ना मराठवाड्यात आहे ना तुमच्या फाइलमध्ये. एकही ओळ जुळत नाही. पण मीनसारखं सारांश काढणारं फंक्शन असलं आणि ग्रुप बाय नसलं, की ओळी शून्य असल्या तरी एसक्यूएल (टेबलातून माहिती काढायची भाषा, दुसरी ओळ तिच्यातलीच) एक उत्तर देतंच, आणि ते उत्तर असतं मिसिंग, म्हणजे ठिपका. तो ठिपका मुकाट्याने ‘सरासरी’ या मॅक्रो व्हेरिएबलमध्ये जाऊन बसतो. मग तिसरी ओळ सॅसला दिसते ती अशी:

इफ पाऊस = . देन पाऊस = .;

व्याकरण शुद्ध आहे, चूक काहीच नाही. ठिपका असेल तिथे ठिपका ठेव. सॅसने सांगितलं तसंच केलं. एकेरी चिन्हांच्या जागी दुहेरी करा, आजचं काम होईल.

पण तेवढंच सांगून थांबलो तर पुढच्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्या खड्ड्यात पडाल. म्हणून हे प्रकरण मुळापासून समजून घ्या. मॅक्रो व्हेरिएबलमध्ये आकडा नसतो, मजकूर असतो. 4.8 असं तुम्हाला दिसतं, पण ती नुसती तीन अक्षरं आहेत. डेटा स्टेप कंपाइल होण्याआधी (चालवण्यासाठी तयार होण्याआधी) मॅक्रो प्रोसेसर कोड वाचतो, & दिसला की त्या नावाचा मजकूर तिथे डकवतो आणि बाजूला होतो. डेटा स्टेप चालू लागते तेव्हा & नावाची भानगड शिल्लकच नसते. फाइलमध्ये लाख ओळी असोत, लाखही ओळींना तेच डकवलेलं अक्षर मिळतं. मॅक्रोची कुठलीही अडचण आली की स्वतःला एकच विचारायचं: मजकूर डकवल्यानंतर ही ओळ कशी दिसते? ऑप्शन्समध्ये सिम्बॉलजेन चालू ठेवलं की लॉग ते स्वतःच सांगतो. तुम्ही ते चालू ठेवलं असतं तर ‘सरासरी’ची किंमत ठिपका असल्याचं लॉगमध्येच दिसलं असतं.

याच कारणाने एक कोड मी बऱ्याच जणांकडे बघतो आणि तो कधीच चालत नाही. एकाच डेटा स्टेपमध्ये बेरीज करायची, शेवटच्या ओळीवर कॉल सिमपुटएक्सने सरासरी मॅक्रो व्हेरिएबलमध्ये टाकायची आणि त्याच स्टेपमध्ये वर कुठेतरी &सरासरी वापरायची. सिमपुटएक्स किंमत ठेवतं ते स्टेप चालू असताना, आणि &सरासरी डकवलं जातं त्याच्या आधी, कंपाइल होताना. व्हेरिएबल अजून जन्मलेलंच नाही, म्हणून लॉग म्हणतो की हे नाव सापडलं नाही. मध्ये रन टाकून दोन स्टेप करा. एकाच स्टेपमध्ये किंमत चालू असताना वाचायचीच असेल तर सिमगेट आहे. आकडा हवा असेल तर सिमगेटएन.

नाव सापडलं नाही असं लॉग सांगतो तोवर काळजी नाही. खरा धोका आहे तो जुनं नाव सापडण्याचा. तुमचा पुढचा बेत मला कळतोय: आठ जिल्ह्यांची सरासरी एका वेगळ्या टेबलात आधीच काढून ठेवायची आणि मॅक्रोच्या डू लूपमध्ये एकेक जिल्हा घेऊन तिथून ती उचलायची. आता समजा लूपमध्ये बीड झालं आणि छत्रपती संभाजीनगरची पाळी आली. सरासरीचं टेबल जुन्या फाइलवरून केलेलं, त्यात नाव ‘औरंगाबाद’ आहे. 2023 मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली, पण जुन्या फाइली कुणी बदलायला बसलेलं नाही. व्हेअर जुळत नाही, शून्य ओळी येतात. इथे मीन नाही, नुसतं सिलेक्ट आहे, त्यामुळे ठिपकाही येत नाही. एकही ओळ आली नाही तर इन्टू मॅक्रो व्हेरिएबलला हातच लावत नाही, त्याच्यात आधीचं असेल ते तसंच राहतं. आधीचं काय होतं? बीडची सरासरी. ती छत्रपती संभाजीनगरच्या रिकाम्या जागांमध्ये निमूट भरली जाते. लॉगमध्ये फार तर एक ओळ येते की एकही ओळ निवडली गेली नाही, आणि आठ जिल्ह्यांच्या लांबलचक लॉगमध्ये ती कोण वाचतंय! ठिपका राहिला असता तर निदान डोळ्यांत खुपला असता. इथे दिसायला धडधाकट आकडा आहे. उस्मानाबाद-धाराशिवचंही तेच होईल.

उपाय सोपा आहे. लूपच्या प्रत्येक फेरीत सिलेक्टच्या आधी ‘%लेट सरासरी = ;’ लिहून व्हेरिएबल रिकामं करायचं. सिलेक्टनंतर &एसक्यूएलओबीएस बघायचं; ते शून्य असेल तर %पुटने लॉगमध्ये ठळक सूचना द्यायची आणि तो जिल्हा सोडून पुढे जायचं. आणि मुळात नावांवर जुळवणी करूच नका, जिल्ह्याचा जनगणना कोड वापरा. नाव बदललं तरी कोडचा आकडा दोन्ही फाइलींत तुमच्या हातात राहतो.

अचूकतेचा मुद्दा चटकन सांगतो. इन्टूने आकडा मजकुरात बदलताना सॅस बेस्ट8 हा फॉरमॅट वापरतं, म्हणजे आठ अक्षरांत बसेल तेवढंच. मिलिमीटरच्या सरासरीला त्याने काही बिघडत नाही. पण हाच कोड उद्या पीकनुकसानीच्या रकमांवर चालवाल. 12,34,56,789 रुपये मॅक्रो व्हेरिएबलमध्ये 1.2346ई8 होऊन बसतात, म्हणजे 12,34,60,000. वर 3,211 रुपये कुठून आले म्हणून लेखापरीक्षणात बसा शोधत. सिलेक्टमध्ये फॉरमॅट=बेस्ट32. लिहा, आणि इन्टूच्या पुढे ट्रिम्ड लिहा म्हणजे पुढच्या रिकाम्या जागाही जातील. सिमपुटएक्स हे दोन्ही स्वतःहून करतं. जुनं सिमपुट करत नाही, म्हणून मी ते वापरणं सोडायला सांगतो.

आता कोडपेक्षा महत्त्वाचा प्रश्न: तुमच्या ठिपक्यांतले खरोखर रिकामे किती? कोड लिहिण्याआधी मूळ एक्सेल फाइल उघडून बघा. तहसीलकडून येणाऱ्या तक्त्यांत पाऊस नसला की कुणी 0 लिहितं, कुणी आडवी रेघ मारतं, आणि बरेच जण सरकारी सवयीने ‘निरंक’ लिहितात. निरंक म्हणजे पाऊस झाला नाही, नोंद झाली आहे. सॅस रकाना आकड्यांचा समजून वाचतं, ‘निरंक’ त्याला वाचता येत नाही, आणि तो मिसिंग करून टाकतं. मग तुम्ही त्या जागी जिल्ह्याची सरासरी भरता. म्हणजे कोरडा दिवस होता, कारकुनाने इमानदारीने तसं लिहिलं, आणि तुमच्या कोडने तिथे पाऊस पाडला. प्रॉक फॉरमॅटमध्ये (प्रॉक म्हणजे सॅसची तयार प्रक्रिया) इनव्हॅल्यूने निरंक म्हणजे 0 असं सांगून ठेवा, रेघेचा अर्थ त्या त्या तहसीलला विचारून ठरवा, बाकीचं नेहमीच्या इनफॉरमॅटने (वाचण्याच्या नियमाने) वाचू द्या. सुरुवातीचे निम्मे ठिपके इथेच गेले तर आश्चर्य वाटायला नको.

जे उरतील त्यांची कारणं वेगळी ठेवता येतात, ही सॅसची फार चांगली सोय आहे आणि आपल्याकडे ती कुणी वापरत नाही. साध्या ठिपक्याशिवाय .ए पासून .झेड पर्यंत आणि ._ असे आणखी प्रकार आहेत, एकूण 28. यंत्र बंद होतं त्याला .ए, नोंदवहीचं पान नाही त्याला .बी. पण मग ‘पाऊस = .’ ही अट फक्त साधा ठिपका पकडेल, .ए आणि .बी निसटतील. मिसिंग(पाऊस) असं लिहा, ते सगळे पकडतं.

आणखी एक. सॅसमध्ये मिसिंग हा कुठल्याही आकड्यापेक्षा लहान धरला जातो. 2.5 मिलिमीटरपासून पुढे पावसाचा दिवस मोजतात. तुम्ही ‘इफ पाऊस < 2.5 देन कोरडा = 1’ लिहिलं असेल तर सगळ्या रिकाम्या नोंदी कोरड्या दिवसांत मोजल्या गेल्या असतील. पावसाच्या खंडाची लांबी काढताय ना? मग हे आधी तपासा.

आता मूळ बेताबद्दल माझं मत. रोजच्या पावसाच्या रिकाम्या जागी जिल्ह्याची सरासरी भरू नये. मॅक्रोने नाही, कशानेच नाही. एक उदाहरण मनाशी धरा. एका मंडळाच्या महिन्यात 28 नोंदी आहेत, 2 दिवस रिकामे. 22 दिवस शून्य, आणि उरलेल्या 6 दिवसांत मिळून 140 मिलिमीटर. सरासरी 5. दोन्ही रिकाम्या दिवशी 5 भरले, की जे दिवस बहुधा कोरडे होते ते पावसाचे दिवस ठरले. खंड चालू असेल तर मध्येच तुटला. उलटही होतं: त्यातल्या एका दिवशी ढगफुटीसारखा पाऊस होऊन गेला असेल तर त्याचेही 5 झाले. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानीचे पंचनामे, मदत, सगळं त्या आकड्याभोवती फिरतं. मध्यकाने (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याने) भरायचं म्हणाल तर इथे मध्यक 0 येतो. खंडाच्या दृष्टीने थोडा बरा, अतिवृष्टीच्या दृष्टीने तितकाच निरुपयोगी. शिवाय जिल्हाभर एकच आकडा म्हणजे किनवट-माहूरचा पाऊस आणि देगलूरचा पाऊस एकच मानणं. आष्टी-पाटोद्याला अंबाजोगाईच्या मापाने मोजाल तर तिथला शेतकरीसुद्धा हसेल.

नोंद का रिकामी राहिली, याचा पावसाशीच संबंध असू शकतो. वादळी पावसात वीज गेली, यंत्राचं नेटवर्क तुटलं, नेमकी त्याच दिवसाची नोंद आली नाही, असं घडू शकतं. रिकामेपणाच्या कारणाकडे असं बघायची शिस्त डोनाल्ड रुबिन यांच्या 1976 च्या लेखापासून संख्याशास्त्रात रुजली. कारण योगायोगाचं आहे, दुसऱ्या माहीत असलेल्या गोष्टीवर अवलंबून आहे, की त्या हरवलेल्या आकड्यावरच अवलंबून आहे, यावर काय भरायचं ते ठरतं. म्हणून .ए आणि .बी वेगळे ठेवा म्हणालो. .ए च्या दिवशी शेजारच्या मंडळांत काय झालं ते बघितलं की निम्मं उत्तर मिळतं.

तुमच्या कामासाठी मी शेजारच्या मंडळांवरून भरेन, त्याच तालुक्यातली, त्याच दिवशीची. आणि त्याला मॅक्रो व्हेरिएबल लागत नाही, किंबहुना ते इथे वापरूच नये, कारण किंमत ओळीगणिक बदलणार आहे. तालुके आणि 122 दिवस यांचा गुणाकार करा; तितकी मॅक्रो व्हेरिएबल बनवून &&वाल्या दुहेरी खुणांनी ती उलगडणारा कोड मी बघितलेला आहे. लिहिणाऱ्याची हुशारी दिसते, पण वर्षभराने तो कोड दुरुस्त करायला कुणी धजत नाही. त्याऐवजी हे एवढंच:

सिलेक्ट *, मिसिंग(पाऊस) ॲज भरले, कोअलेस(पाऊस, मीन(पाऊस)) ॲज पाऊस_नवा फ्रॉम पर्जन्य ग्रुप बाय तालुका, तारीख ऑर्डर बाय मंडळ, तारीख;

मीन रिकाम्या नोंदी आपोआप वगळतं, कोअलेस पहिली भरलेली किंमत उचलतं, आणि गटाची सरासरी प्रत्येक ओळीला जोडून द्यायचं काम सॅस स्वतः करतं. लॉगमध्ये तशी नोट येते, घाबरू नका, आपल्याला तेच हवंय. तालुक्यातली सगळी मंडळं त्या दिवशी रिकामी असतील तर ठिपका राहील. राहू द्या. मूळ रकाना आणि ‘भरले’ ही खूण दोन्ही जपून ठेवा. मार्गदर्शकांनी विचारलं की भरलेल्या नोंदी वगळून निकाल बदलतो का, तर एका व्हेअरमध्ये उत्तर देता येईल. आपल्याकडे एका शिवारात धो-धो आणि शेजारच्या शिवारात धूळ असा पाऊस पडतो, त्यामुळे अतिवृष्टीचे दिवस मोजताना तर भरलेल्या नोंदी वगळाच.

शेजारचा आकडा दुसऱ्या स्रोतातून घेत असाल तर तारखेकडे लक्ष द्या. हवामान विभागाचा 24 तासांचा पाऊस सकाळी 8.30 ला संपतो. स्वयंचलित यंत्राची फाइल मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजत असेल तर रात्रीचा पाऊस एका फाइलीत आजचा आणि दुसरीत उद्याचा असेल.

जिथे एकच आकडा सगळ्यांना भरणं खरंच योग्य असतं, उदाहरणार्थ शेतकऱ्यांच्या सर्वेक्षणात घरातल्या माणसांच्या संख्येच्या तुरळक रिकाम्या जागा, तिथेही मला आधी प्रॉक स्टँडर्ड आठवतं. त्याला रिप्लेस हा पर्याय दिला की रिकाम्या जागी सरासरी येते, आणि बाय दिलं की गटागटाची. मध्यक हवा असेल तर प्रॉक एसटीडीआयझेडईमध्ये रेपओन्ली आणि मेथड=मीडियन. पुढे जाऊन सोयाबीनच्या उताऱ्याचं प्रतिगमन (रिग्रेशन) करणार असाल तर हेही पुरत नाही. एकच आकडा भरल्याने विचरण (आकड्यांचा पसारा) खोटं कमी होतं, पी-व्हॅल्यू हवी त्यापेक्षा छान दिसते. त्यासाठी रिकाम्या जागा अनेकदा वेगवेगळ्या किमतींनी भरून निकाल एकत्र करणारी प्रॉक एमआय आणि प्रॉक एमआयअनालाइझ ही जोडी आहे. तो वेगळा आणि मोठा विषय.

मग मॅक्रो व्हेरिएबल ठेवायचं कशासाठी? संपूर्ण कामात एकदाच ठरणाऱ्या आणि सगळ्या ओळींना सारख्या लागू होणाऱ्या गोष्टींसाठी. फाइलच्या अगदी वर %लेट करून हंगामाची सुरुवात आणि शेवट, अतिवृष्टीची 65 ची मर्यादा, कोरड्या दिवसाची 2.5 ची मर्यादा, तालुक्यात निदान किती मंडळांची नोंद असल्याशिवाय भरायचं नाही तो आकडा. उद्या मार्गदर्शक म्हणाले की मर्यादा 64.5 धरून बघा, तर एकच ओळ बदलायची. दुसरा उपयोग मला त्याहून आवडतो. भरलेल्या नोंदींची संख्या इन्टूने मॅक्रो व्हेरिएबलमध्ये घ्या आणि प्रत्येक तक्त्याच्या तळटीपेत दुहेरी अवतरणात टाका: “यातील &संख्या नोंदी शेजारील मंडळांवरून भरल्या आहेत”. तक्ता कुठेही फिरला तरी ती ओळ त्याच्यासोबत जाते, आणि डेटा बदलला की आकडा आपोआप बदलतो.

ही तळटीप मराठीत टाकणार असाल तर सॅसचं सेशन यूटीएफ-8 (देवनागरी साठवता येणाऱ्या एन्कोडिंग) मध्ये सुरू करा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग छापून येईल. आणि मंडळांची नावं देवनागरीत साठवत असाल तर रकान्याची लांबी वाढवा: यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळा मोजला जातो. 20 लांबीच्या रकान्यात सहाच चिन्हं मावतात. ‘अंबाजोगाई’चं नाव त्यात ‘अंबाजो’पर्यंत येऊन थांबतं, आणि मग पुन्हा जुळवणी चुकते, पुन्हा ठिपके येतात.